दुरुस्त केलेल्या चुका

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. विक्रोळी, चौथा मजला.
पंखे इतके की बोलायचं तर ओरडावं लागतं,
म्हणून पाळीवर आम्ही बोलत नाही.
स्वेटर घालून मी ट्रॉली ओढत नेते,
तिचं एक चाक गेली दोन वर्षं कुरकुरतंय.
बाहेर मे महिना आहे म्हणे.

मशीन मिठागर कामगार पतपेढीचं.
आठवड्यात दोनदा आपोआप पडलं,
आपोआप उठलं,
अंगावरची धूळ झटकून, काही झालंच नाही असं.
व्यवस्थापक घरत फोनवर म्हणाले,
"भूतबीत आहे का बघा."
म्हटलं, बघते.

काळा पडदा. कर्सर लुकलुकतो.
कर्नलने स्वतःशी पुटपुटलेलं सगळं लिहून ठेवलेलं असतं,
दीड लाख ओळी.
मी ग्रेपची चाळणी धरते
आणि खडे वर येऊ लागतात:
एक चूक, दुरुस्त केली.
एक चूक, दुरुस्त केली.
एक चूक,

मोजणीची फाईल निराळी. फाईल कसली, नुसता आकडा.
पहिल्या रांगेत शून्य. दुसरीत शून्य.
तिसरीत
एकेचाळीस हजार दोनशे सहा.

एवढ्या वेळा एक बिट उलटला,
कुणाच्या तरी हप्त्यातला, कुणाच्या नावातल्या वेलांटीतला,
आणि एवढ्या वेळा ह्याने तो गुपचूप सरळ करून ठेवला.
समोर सगळे दिवे हिरवे.
अळीमिळी गुपचिळी.
दोन बिट एकदम उलटले की मात्र ह्याचे हात पुरत नाहीत,
मग हा आडवा होतो.
तेच घरतांचं भूत.

लपवलं म्हणावं, तर तसंही नाही.
आकडा तिथेच होता, कुणीही वाचावा असा.
कुणी विचारलं नाही.
पाळीच्या वहीत 'सर्व ठीक' हा शिक्का रोज मीच मारते,
निळ्या शाईत,
कधी कधी वही न उघडताच पुढच्या पानावरसुद्धा उमटेल इतक्या जोरात.

डीएमआयडीकोड सांगतो: खाच ए-दोन, सोळा जीबी.
झाकण उघडते. बोर्डावर छापलंय ए-दोन.
दोन्ही कानांच्या कळा दाबते, पट्टी निघते,
नवी बसवते, खट्.
चालू.
शून्य.
चहा आणते. परत बघते.
तीन.
सतरा.
साठ.

म्हणजे मी धडधाकट पट्टी उपटली
आणि खोटी अजून आत बसून आहे.

पावणेचार. थंडीत कानशिलं गरम होतात.
झाकण उचलून बाजूला ठेवताना
त्याच्या आतल्या अंगाला, पिवळट पडलेल्या चिकटपट्टीवर,
बॉलपेनाने:
'यंत्र ए-दोन म्हणालं तर बोर्डावरची बी-एक काढावी.
मीही फसलो होतो. पाचारणे, १४ ऑगस्ट.'
साल पुसलेलं.

पाचारणेंना मी पाहिलेलं नाही.
ऐकून आहे, नोकरी सोडून बदलापूरला कबुतरं पाळतात.
त्यांच्यानंतर पाच जण आले-गेले.
मला कामाची सूत्रं मिळाली तेव्हा
बासष्ट पानांचा दस्तऐवज होता, रंगीत आकृत्यांसकट.
त्यात हे नव्हतं.

बी-एक काढते.
तळहातावर धरून उजेडात फिरवते.
सोनेरी दात लख्ख, कुठे जळका डाग नाही, तडा नाही.
एकेचाळीस हजार वेळा चुकलेली वस्तू
पापडाएवढी हलकी.
मार्करने फुली मारते, नाहीतर उद्या कुणीतरी
'चांगली दिसतेय' म्हणून परत लावायचं.

चालू.
शून्य.
पाच फेऱ्यांची तपासणी लावून देते, नमुन्यावर नमुना,
लिही, वाच, ताडून बघ.
शून्य.
सहा वाजता, शून्य.

झाकण लावण्याआधी पाचारणेंच्या अक्षराखाली
मी लिहिलं: 'मीही.'
तारीख घातली. साल ठळक.

साडेसहाला घरतांचा निरोप: गेलं का भूत?
पट्टीचा फोटो पाठवला,
शेजारी माप कळावं म्हणून बॉलपेन.

दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ काही नाही.
मग:
एवढंसं?